हिरवी चौकट

सुरुवातीलाच सांगून टाकतो: गवत जिंकलं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, आम्ही आत्ताच आलो, आम्हाला काही ठाऊक नाही. मीही तसंच म्हणणार आहे. कारण ही गोष्ट सुरू होते तेव्हा गवत कुठेही नव्हतं, आणि जे मुळात नाहीच ते जिंकणार कसं, हा प्रश्न माझ्या आत्याला खात होता. त्या दिवसांत कुरणावर पोटभर खाणारा तो प्रश्न तेवढाच होता.

दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलं होतं. कुरण पायपुसण्यासारखं दिसायला लागलं होतं. त्यावर ‘सुस्वागतम्’ तेवढं लिहायचं राहिलं होतं. आत्या त्या कुरणाची राखणदार. सगळ्या गाईवाल्यांनी मिळून तिला निवडलं होतं, म्हणजे दुसरं कोणी उभं राहायला धजावलं नव्हतं. तिने सगळ्यांना फाटकापाशी गोळा केलं आणि सांगितलं, “जुनं गवत मेलेलं नाही. झोपलंय. ते उठेपर्यंत एकही गाय आत जाणार नाही.”

“आणि नाहीच उठलं तर?” मागून कोणीतरी विचारलं.

“तर मी उठेन,” आत्या म्हणाली. चर्चा तिथेच संपली.

सगळ्यांनी आपापल्या गाई नातेवाइकांकडे पाठवल्या. आत्याच्या गाई गेल्या तिच्या दिराच्या शेतात, कापणीनंतरची धसकटं खायला. दीर, म्हणजे माझे काका, मनाने चांगले. पण उपकार केले की ते रोज येऊन दाखवून जायचे, नीट आहेत ना म्हणून.

“वहिनी, तुमची पांढरी आज माझ्या बनियनकडे बघत होती.”

“बघू दे की, भाऊजी. बघण्यासारखं आहे का त्यात काही?”

“तेच म्हणतोय. भुकेची नजर होती ती.”

दुसऱ्या दिवशी पांढरीने बनियन खाल्लं. काकांनी उरलेली बाही पुरावा म्हणून आणून दाखवली. आत्याने ती शिवणाच्या डब्यात ठेवून दिली.

मग पाऊस झाला आणि कुरण बघता बघता हिरवंगार झालं. सगळे हरखले. आत्या मात्र कुंपणाला टेकून नुसती बघत राहिली, कारण त्या हिरव्यात गवत जवळजवळ नव्हतंच. सगळे उंचाडे होते. उंचाडे हे आम्ही ठेवलेलं नाव. पिवळ्या फुलांचं, छातीपर्यंत वाढणारं तण. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत दबा धरून असतं, आणि दोन थेंब पडले की बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसासारखं सगळी जमीन अडवून बसतं. गवताची तऱ्हा निराळी. ते आधी खाली मुळं सावरतं, मग जरा विचार करतं, मग एक पान वर काढतं आणि बाहेर काय चाललंय ते बघतं. तोवर बस भरलेली असते.

इथे गवत कार्यालयाचा एक नियम मधे येत होता. हंगाम संपताना कुरणाची मोजणी व्हायची. गवत जास्त निघालं तर ठीक. तण जास्त निघालं तर सगळं कुरण नांगरून नवं बी पेरायचं आणि तीन वर्षं चराई बंद. नांगरलं की जमिनीखाली झोपलेले गवताचे जुने ठोंब उलटे होऊन वाळणार, ही गोष्ट वेगळी. आणि तीन वर्षं गाई दिराकडे ठेवायच्या म्हणजे दीर तरी संपणार, नाहीतर बनियनं.

“विकाव्या लागतील,” आत्या एकदाच म्हणाली. मग तिने धुतलेली दुधाची किटली पुन्हा धुवायला घेतली. ती किटली कित्येक महिन्यांत दुधाला लागलेली नव्हती.

मला गवत कार्यालयात नोकरी लागली ती याच सुमारास. काम चौकट फेकण्याचं, दर आठवड्याला नुसत्या नोंदीसाठी आणि हंगामाच्या शेवटी खऱ्या मोजणीसाठी. हात-दीड हात लांबीच्या चार पट्ट्यांची एक लाकडी चौकट असते. कुरणात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि ती खांद्यावरून मागे भिरकावायची. जिथे पडेल तिथे आत काय उगवलंय ते मोजायचं. जागा कोणी मुद्दाम निवडू नये म्हणून ही पद्धत. त्यामुळे कार्यालयाला असा माणूस हवा होता, ज्याचा नेम कशालाच लागत नाही. मुलाखतीत मला कागदाचा बोळा टोपलीत टाकायला सांगितलं. तो साहेबांच्या चहात पडला. मला तिथल्या तिथे रुजू करून घेतलं. मी राखणदारणीचा भाचा आहे हे त्यांना कळलं नाही, कारण अर्जात आत्याचा रकाना नव्हता.

“चला, ठोंब्या कामाला लागला,” आत्या म्हणाली. ठोंब्या म्हणजे मी. गवताच्या ठोंबाबद्दल तिला जो आदर होता त्यातला कण जरी माझ्या वाट्याला आला असता तरी मी तरलो असतो.

कार्यालयातली प्रत्येक वस्तू हिरवी होती. खुर्च्या हिरव्या, पाण्याची टाकी हिरवी, भिंतीवरचं घड्याळही हिरवं, काट्यांसकट. त्यामुळे किती वाजले ते कोणालाच कळायचं नाही आणि काम शांतपणे चालायचं. गवताचं खातं आहे तर रंग हिरवाच हवा, असं फार पूर्वी कोणीतरी ठरवलं होतं. माझी चौकट नुकतीच रंगवून आली होती.

पहिल्या दिवशी मी कुरणाच्या मधोमध उभा राहिलो, डोळे मिटले आणि फेकली. डोळे उघडले. चौकट नव्हती.

चारी बाजूंना छातीभर हिरवे उंचाडे, आणि त्यात कुठेतरी एक हिरवी चौकट. एवढं मोठं खातं, एवढे शिकलेले लोक, आणि हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही, पण मी नवीन होतो.

आता नियम बघा. पहिला नियम: मोजणी होईपर्यंत कुरणातलं कोणतंही रोप कोणीही उपटू नये. दुसरा नियम: कार्यालयाची वस्तू हरवल्यास ती सापडेपर्यंत शोध थांबवू नये. हे दोन नियम दोन साहेबांनी केले होते, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नसत.

मी धावत गवतबाईंकडे गेलो. गवतबाई म्हणजे आमच्या कार्यालयातल्या गवताच्या जाणकार. त्यांना प्रत्येक गवत पानावरून, मुळावरून आणि अंधारात वासावरून ओळखता यायचं. माणसांची नावं मात्र लक्षात राहत नसत. मला त्या ‘हे’ म्हणायच्या.

“बाई, चौकट शोधताना एखादं रोप उपटलं गेलं तर?”

“हेतू काय होता?”

“चौकट शोधण्याचा.”

“मग ते उपटणं नाही. ते शोधणं,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा भिंगातून कशाचं तरी मूळ बघायला लागल्या.

मी, आत्या आणि दोन-चार गाईवाले शोधायला लागलो. उंचाडे बाजूला सारले की परत तोंडावर यायचे, म्हणून शेवटी मुळासकट काढून बांधाबाहेर टाकावे लागले. संध्याकाळी आत्याचा पाय चौकटीवर पडला. तोवर कुरणात खळ्याएवढा गोल उघडा झाला होता. चौकटीत मोजलं: उंचाडे, उंचाडे, गोखरू, उंचाडे आणि एका कोपऱ्यात गवताचं एक फिकट पान. ते उभं होतं, पण दमलेलं.

“हे बघ,” आत्या त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली. मला वाटलं मला म्हणतेय. ती पानाला म्हणत होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फेक, पुन्हा हरवली. मी बाईंना म्हटलं, “चौकटीला एखादी लाल चिंधी बांधू का?” त्या म्हणाल्या, “कार्यालयाच्या वस्तूत फेरफार करता येत नाही.” हा तिसरा नियम. तो करणारे साहेब तर स्वतःशीही बोलत नसत, असं ऐकलंय.

आणखी काही दिवसांनी बाई स्वतः कुरणात आल्या. त्या थेट पहिल्या गोलात गेल्या आणि गुडघ्यावर बसल्या. बाहेर उंचाड्यांच्या सावलीत गवताची पानं अजून आजाऱ्यासारखी पिवळट होती. गोलात मात्र ठोंब फुटले होते. प्रत्येक ठोंबाला मूठ-मूठ पाती, आणि ती अशी ताठ, की जणू सांगत होती, मधली दोन वर्षं आम्ही रजेवर होतो आणि रजा मंजूर होती.

बाईंनी खिशातून सुरी काढून एका ठोंबाशेजारची माती उकरली. सुरी संपली, हात कोपरापर्यंत आत गेला, तरी मूळ संपेना.

“हे मेलं असं कोण म्हणत होतं?” त्यांनी विचारलं.

“मी नाही,” आत्या म्हणाली.

“तण सुरुवातीला वाईट नसतं बरं का. उघडी माती भाजून निघते, तेव्हा हेच सावली धरतं. छत्री धरल्यासारखं. पण पुढे छत्री मिटत नाही. गवताला ऊन लागू देत नाही, वरून त्याचं पाणीही पितं.” बाईंनी एका उंचाड्याची कळी चिमटीत धरली. “फुलायला आलेत. बी पडलं की पुढच्या वर्षाचीही जागा धरून झाली.”

मग त्या उठल्या, हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

“हे, चौकट कुठेय?”

“हातात आहे, बाई.”

“मग हातात काय करतेय? फेक. आणि या वेळी जरा जोरात फेक.”

त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. आत्याने पदर खोचला.

त्यानंतरचा हंगाम हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा काळ. मी चौकट हरवायची आणि अख्ख्या वस्तीने शोधायची. गाईवाले जेवणाचे डबे, हातमोजे, पाण्याच्या घागरी घेऊन यायचे. कोणाची सासू यायची, कोणाची नणंद यायची. एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा शेजारीशेजारी शोधायच्या आणि उंचाडे असे ओढायच्या की आम्हाला कळायचं कोणाचं नाव घेऊन ओढतायत. कळीवर आलेलं सगळं तण बांधाबाहेर जायचं. गवताला कोणी बोट लावत नव्हतं, कारण गवतात चौकट नाही हे नुसतं बघूनही कळतं, असं आत्याने जाहीर केलं होतं.

एकदा एका नवख्या गाईवाल्याला चौकट दुपारच्या आतच दिसली. “सापडली,” तो ओरडला. सगळे थांबले. कोणाच्या तरी घरची वाईट बातमी आणल्यासारखे त्याच्याकडे बघायला लागले.

“नीट बघ,” आत्या शांतपणे म्हणाली. “ती नसेल.”

त्याने नीट बघितलं. नव्हती.

काकाही यायला लागले. खरं तर यात त्यांचा तोटा होता, कारण कुरण नांगरायचं ठरलं तर कार्यालय त्यांचाच ट्रॅक्टर लावणार होतं.

“भाऊजी, तुम्ही नांगरवाले. तुम्ही आमच्यात कुठे?”

“वहिनी, नांगराचं भाडं एकदा मिळेल. तुमच्या गाई माझ्याकडे रोज खातात,” काका एक भलामोठा उंचाडा खांद्यावर टाकत म्हणाले. “काल पांढरीने पायजम्याची नाडी ओढली. मी पायजम्यात होतो.”

हळूहळू गोलाला गोल जुळत गेले. हंगामाच्या शेवटी गवत मांडीपर्यंत आलं. वारा आला की सगळं कुरण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. तरी आत्याने फाटक उघडलं नाही. “आत्ता कुठे उठून बसलंय. लगेच ताटावर नाही ओढायचं,” ती म्हणायची.

मग मोजणीचा दिवस उजाडला. हिरव्या गाडीतून साहेब आले. हे तेच, चहावाले. त्यांनी मला ओळखलं आणि कप दुसऱ्या हातात घेतला. फाटकाबाहेर काका ट्रॅक्टरवर बसले होते. नांगर जोडलेला, इंजिन बंद, तोंड पडलेलं.

“नियम सगळ्यांना माहीत आहे,” साहेब म्हणाले. “एक फेक. सूर्य मावळायच्या आत मोजणी व्हायला हवी. मोजणी न झालेलं कुरण तणाचं धरलं जाईल.”

मी मधोमध उभा राहिलो. सगळं गवतच असं नव्हतं. कडेला उंचाड्यांचे एक-दोन ताटवे आणि खाली गोखरूची जाळी अजून होती, आणि माझी फेक म्हणजे कुठेही. आपल्याला थोडा तरी नेम असता तर, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. डोळे मिटले. फेकली. डोळे उघडले.

चौकट नव्हती.

सवयीप्रमाणे सगळे निवांत आत शिरले. कोणी डबा सोडला, कोणी गप्पा काढल्या. ऊन कलायला लागलं. आत्या कुरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोणीच शोधत नाहीये. अख्खा हंगाम आम्ही चौकट न सापडण्याची सवय अंगात मुरवली होती. माणसं तिच्यावरून चालत गेली असतील, तरी पायाला ती लागली नसती. शिवाय आता तण नव्हतं, म्हणजे काय ओढायचं तेही कोणाला सुचेना.

“अरे, आता शोधा,” आत्या म्हणाली.

“शोधतोय की.”

“तसं नाही. खरंच शोधा.”

“खरंच म्हणजे?” त्या नवख्याने भर साहेबांसमोर विचारलं. त्याचा गोंधळ प्रामाणिक होता.

साहेबांनी आत्याकडे बघितलं. गवतबाईंनी आकाशाकडे बघितलं. मी कुठेच बघितलं नाही.

सावल्या लांबत चालल्या. फाटकाबाहेर काकांनी रुमालाने स्टिअरिंग पुसायला घेतलं. आत्या खाली बसून दोन्ही हातांनी गवत चाचपत होती, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तशी. तिचे ओठ हलत होते. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. ती एकेका गाईचं नाव घेत होती.

“वस्तू सापडेपर्यंत शोध थांबवता येणार नाही,” गवतबाई साहेबांना म्हणाल्या. “तो नियम हजर असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला लागू आहे.”

“मलाही?”

“तुम्हीच केलाय, साहेब.”

साहेबांनी बूट काढले, पँट पोटरीपर्यंत सारली आणि गुडघ्यांवर रांगत कुरणात शिरले. बराच वेळ फक्त गवत हलताना दिसत होतं. मग “आई गं” असा आवाज आला आणि हलणं थांबलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“गुडघ्यात काहीतरी घुसलं.”

“गोखरू असेल. बसून काढा.”

साहेब बसले आणि पुन्हा “आई गं” म्हणाले.

“अजून एक?”

“नाही. हे वेगळ्या जागी आहे,” साहेब म्हणाले. “आणि लाकडी आहे.”

ते चौकटीच्या कोपऱ्यावर बसले होते.

आम्ही सगळे धावलो. साहेबांना अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि चौकटीत वाकून बघितलं. आत गवत होतं. चारी कोपऱ्यांना गवत, मधे गवत, साहेब बसल्यामुळे दबलेलं आणि हळूहळू पुन्हा उभं राहणारं गवत. तणाचं एक पान नव्हतं. होतं ते फक्त साहेबांच्या गुडघ्यातलं गोखरू, आणि बघायला वाकताना त्यांनी तो गुडघा टेकला होता चौकटीच्या आत.

“हे कशात धरायचं?” साहेबांनी विचारलं. माणूस काटेकोर होता, हे मान्य करायला हवं.

“मूळ चौकटीत असेल तर चौकटीत धरायचं,” बाई म्हणाल्या. “याचं मूळ कुठे आहे?”

साहेबांनी गुडघा निरखला. “नाही दिसत. हे माझ्या पँटीचं आहे.”

“मग ते तुमच्याबरोबर जाईल.”

साहेबांनी सूर्याकडे बघितलं, तो अजून बोटभर वर होता, आणि लिहिलं: गवत. फाटकाबाहेर काकांनी नांगर सोडवायला घेतला. ते शीळ वाजवत होते. एवढं भाडं बुडालेला माणूस इतकी चांगली शीळ वाजवतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आत्या घरी गेली आणि तिने किटली धुतली.

गवताने बी धरलं, ते मातीत झडलं, आणि मगच गाई आल्या. आत्याने फाटकात उभं राहून प्रत्येकीला बजावलं, “अर्धं खायचं, अर्धं ठेवायचं.” गाईंनी ऐकल्यासारखं केलं, त्यापुढचं आत्या बघून घेते, वेळेवर फाटकाबाहेर काढते. हल्ली काका रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहतात. घर मोकळं मोकळं वाटतं म्हणतात.

“भाऊजी, ते बनियन नवं दिसतंय.”

“जुनंच आहे,” काका म्हणतात आणि कुंपणाच्या जरा जवळ सरकतात. पांढरी चरता चरता मान वर करते, बघते, आणि पुन्हा गवताला तोंड लावते. काकांना जरा वाईट वाटतं.

सगळं छान चाललंय. एकच काळजी आहे. उंचाड्यांचं जुनं बी अजून मातीत आहे, रुमाल हातात घेऊन. आणि साहेबांनी बसण्याच्या त्रासातून बरं झाल्याबरोबर हुकूम काढलाय की यापुढे चौकटीला लाल रंग द्यावा. म्हणून मी रीतसर कळवलं आहे ते असं:

माननीय साहेब, गवत कार्यालय, यांच्या सेवेशी. विषय: चौकट हरवण्याबाबत. महोदय, लाल चौकट लगेच सापडते, त्यामुळे शोधकार्यात मोठा अडथळा येईल. सबब, चौकट हिरवीच ठेवावी, आणि येत्या हंगामात तण कळीवर असताना ती आठवड्यातून एकदा हरवण्यास पूर्वपरवानगी मिळावी. हरवण्याची जागा आत्या ठरवतील. त्या वेळी साहेबांनी स्वतः बसण्यास उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.